प्रयोगशाळेतला पहिला हंगाम

ऑक्टोबर उजाडला की कारखान्याच्या टपालात अर्जांचा गठ्ठा जाड होऊ लागतो. बॉयलर पेटायच्या आधी गव्हाणीची डागडुजी जशी ठरलेली, तसे हे अर्जही ठरलेले. बहुतेक अर्ज सभासदांच्या मुलांचे, अलीकडे मुलींचेही. शिक्षण बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. मागणी एकच, "कारखान्यात योग्य ती नोकरी मिळावी." योग्य ती म्हणजे कोणती हे अर्जात लिहिलेले नसते, पण वडील भेटायला येतात तेव्हा सांगून टाकतात, "साहेब, पोरगं शिकलेलं आहे. टेबलावरचं काय तरी बघा."

आता सभासद बंधूंना स्पष्टच सांगायचे तर रसायनशास्त्र शिकलेल्या मुलाला साखर कारखान्यात पहिल्यांदा मिळते ते काम टेबलावरचे नसते, उभ्याचे असते. त्याला लॅब केमिस्ट म्हणतात. पाळी फिरती. या आठवड्यात पहाटे चार ते दुपारी बारा, पुढच्या आठवड्यात बारा ते रात्री आठ, त्याच्या पुढच्या आठवड्यात रात्री आठ ते पहाटे चार. नेमणूक बहुधा हंगामी, पगार बेताचा. गळीत सुरू झाले की कारखाना दिवस-रात्र चालतो, त्यामुळे दिवाळीची राहिलेली सुट्टी, भावकीतले लग्न, गावची जत्रा यांचा हिशेब कारखाना धरत नाही. दरवर्षी घेतलेल्या मुलांतली काही संक्रांतीच्या आत घरी बसतात. त्यांना कोणी काढलेले नसते. घरचेच म्हणतात, "एवढं शिकवलं ते काय बाटल्या धुवायला?"

म्हणून या अंकात हे काम नेमके काय आहे, त्यातून पुढे काय मिळू शकते आणि काय मिळत नाही, ते मांडण्याचे आम्ही योजले आहे. कारखान्यात मुलगा घालू इच्छिणाऱ्या पालकांनी ते वाचावेच, पण मुलाने स्वतः वाचले तर अधिक बरे.

प्रथम काम. उसाची मोळी गव्हाणीत पडल्यापासून साखर पोत्यात भरेपर्यंत उसातला गोडवा कुठे कुठे जातो याचा जमाखर्च ठेवणारे खाते म्हणजे प्रयोगशाळा. पतपेढीत जसा रोजकीर्दीवर सगळा डोलारा उभा असतो, तसा कारखान्याचा डोलारा या खात्याच्या रोजच्या पत्रकावर उभा असतो. पहिल्या मिलचा रस, सगळ्या मिलचा मिळून झालेला मिश्र रस, शेवटच्या मिलचा रस, चुना व गंधक देऊन निवळलेला स्वच्छ रस, आटवलेला पाक, पॅनमध्ये शिजलेला मॅसेक्विट, मिलमधून बाहेर पडणारा भुस्सा, फिल्टरवरची मळीची वडी म्हणजे प्रेसमड आणि शेवटी उरणारी काळी मळी, या प्रत्येकाचा नमुना ठरल्या वेळी ठरल्या जागेवरून घ्यायचा आणि तपासायचा.

तपासणीत दोन आकडे मुख्य. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ शेकडा किती, आणि पोल म्हणजे त्यातली साखर शेकडा किती. ब्रिक्स काढायला उंच नळकांड्यात रस ओतून त्यात हायड्रोमीटर सोडतात. ऐकायला सोपे. पण रस ताजा असतो तेव्हा त्यात हवेचे बुडबुडे असतात. फेस बसेपर्यंत थांबले नाही तर आकडा चुकतो. रसाचे तापमान मोजून दुरुस्ती केली नाही तरी चुकतो. पोल काढायला रसात शिशाचे क्षार घालून गाळ बसवायचा, गाळून पाण्यासारखा नितळ झालेला रस पोलरीमीटरच्या नळीत भरायचा आणि त्यातून जाणारा प्रकाश किती अंशाने वळतो ते वाचायचे. शिसे विषारी आहे, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी शिसे नसलेली पावडर वापरतात, पण तत्त्व तेच. कॉलेजात मुलाने हे एखाद्या दुपारी एकदा केलेले असते, परीक्षेपुरते. इथे ते तासातासाला, चार-पाच महिने करावयाचे असते.

पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की शुद्धता निघते. ब्रिक्स १९ आणि पोल १६ असेल तर शुद्धता साधारण ८४. हा आकडा एकटा काही बोलत नाही. कालचा ८४, आजचा ८१ झाला की बोलू लागतो. मग विचारायचे : ऊस शिळा आला काय? तोडून किती तास झाले? टोळीने वाढ्याचा कोवळा भाग ठेवला काय? मिलमध्ये कुठे रस साचून आंबतो काय? ऊस तोडल्यावर फडात किंवा गाडीत पडून राहिला तर त्याचे वजन तर घटतेच, शिवाय आतली साखर मोडू लागते आणि जंतूंच्या करणीने डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. त्याने रस निवळत नाही, पॅनमध्ये दाणा नीट धरत नाही. म्हणजे प्रयोगशाळेतल्या पोराने रात्री दोन वाजता लिहिलेला एक आकडा सरळ आपल्या फडापर्यंत, तोडणीच्या कार्यक्रमापर्यंत आणि वाहनांच्या रांगेपर्यंत जाऊन पोचतो. सभासदाच्या मुलाला हे चटकन समजते. रांगेत दोन दिवस उभी राहिलेली ट्रॉली त्याने घरी पाहिलेली असते. शहरातल्या मुलाला समजायला हंगाम जातो. आपल्या मुलांचा हा फायदा आपणच विसरतो.

रसाचा सामू, म्हणजे पीएच, हीही अशीच वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट. निवळलेला रस सातच्या आसपास राहिला पाहिजे. खाली गेला तर गरम रसातली साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, आणि त्याची पुन्हा साखर होत नाही. फार वर गेला तर रसाला रंग चढतो आणि साखर पिवळट निघते. चुन्याचा नळ कमी-जास्त करणारा कामगार अनुभवी असतो, वीस वर्षे त्याच नळावर असतो. नव्या पदवीधराने जाऊन त्याला "पीएच उतरला" असे सांगायचे असते. कसे सांगायचे, हे कुठल्याच पुस्तकात नाही. "मामा, जरा बघता का, सहा पूर्णांक सहा दाखवतंय" असे म्हणणाऱ्याचे ऐकले जाते. पदवीचा तोरा मिरवणाऱ्याला मामा म्हणतात, "तुझी काडीच बिघडली असंल." आणि एखाद्या वेळी काडीच बिघडलेली असते! म्हणून आधी आपले मीटर बफरच्या द्रावणात तपासून मग बोलावे.

पण या सगळ्यात एक चाचणी अशी आहे की तिच्यावरून मुलगा कसा निघणार ते आम्हाला कळते. बाष्पीभवनाच्या संचात आणि पॅनमध्ये वाफ थंड होऊन जे गरम पाणी बनते ते वाया घालवीत नाहीत. त्यातले चांगले पाणी पुन्हा बॉयलरला देतात. त्या पाण्यात साखरेचा अंश गेलेला चालत नाही. कुठे नळी गळाली, रस उसळून वाफेबरोबर ओढला गेला, तर साखर बॉयलरात जाते, तिथल्या उष्णतेने फुटून तिची आम्ले होतात, पाणी फेसाळते, नळ्या खराब होतात. सहवीजनिर्मितीसाठी उच्च दाबाचे बॉयलर आल्यापासून तर हा धोका फारच वाढला. म्हणून ठरल्या वेळी त्या पाण्याची चाचणी घ्यायची. परीक्षानळीत थोडे पाणी, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे चार-पाच थेंब, आणि मग नळी तिरकी धरून कडेकडेने तीव्र गंधकाम्ल सोडायचे. साखर असेल तर दोन थरांच्या मध्ये जांभळे कडे उमटते. आता कंडक्टिव्हिटी मीटर बसवलेली असतात, तरी परीक्षानळी अजून सुटलेली नाही.

समजा रात्रीचे पावणेतीन वाजले आहेत आणि कडे उमटले. फिकट आहे, पण आहे. मुलगा काय करतो? एक मुलगा म्हणतो, पुढच्या तासाला बघू, आत्ता कोणाला उठवायचे. दुसरा घाबरून एकदम सगळीकडे फोन करतो आणि कारखाना थांबवा म्हणतो. तिसरा नवी धुतलेली नळी घेऊन ताज्या पाण्यावर चाचणी पुन्हा करतो. नळीलाच साखर लागलेली असू शकते. कडे पुन्हा आले की बॉयलरवर व शिफ्ट केमिस्टला कळवतो, पाणी बॉयलरकडून दुसरीकडे वळवले गेले की एकेका भांड्याच्या पाण्याचा नमुना स्वतः आणून गळती कुठे आहे ते हुडकतो, आणि वेळ लिहून ठेवतो. हा तिसरा मुलगा पुढे कुठेही जावो, साखरेत राहो, दूध संघात जावो, औषधाच्या कंपनीत जावो, त्याच्याबद्दल काळजीचे कारण नाही. मात्र तो तसा जन्मत नाही. पहिल्या महिन्यात तोही पहिल्या किंवा दुसऱ्यासारखाच असतो. शेजारी उभे राहून शिकवणारा कोणी असेल तर फेब्रुवारीपर्यंत तिसऱ्यासारखा होतो.

आता पैशाचे. सभासदाला पोरगे काय शिकते याच्याइतकेच आपल्या उसाला काय मिळते यातही स्वारस्य असणार, आणि दोन्ही गोष्टी इथे एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. उसात जेवढी साखर येते त्यातून चार वाटांनी होणारा तोटा वजा जाता जे उरते तो उतारा. भुश्श्यातून जाते ती एक वाट, प्रेसमडमधून जाते ती दुसरी, शेवटच्या मळीतून जाते ती तिसरी व सर्वात मोठी, आणि चौथी म्हणजे कशातून गेली ते कळतच नाही ती. उसात १३ टक्के साखर असेल आणि चारही वाटांनी मिळून २ गेली तर उतारा ११. मळीतून मद्यार्क व इथेनॉल होते, म्हणून तिकडे वळवलेली साखर हिशेबात वेगळी धरावी लागते, पण मूळ गणित हेच.

उसाच्या वजनाच्या २८ टक्के भुस्सा निघतो असे धरा. भुश्श्यातली साखर २ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर गेली तर उसावर ०.१४ टक्के तोटा वाढला. दिवसाला ५,००० टन गाळप असेल तर रोज ७ टन साखर भुश्श्याबरोबर बॉयलरच्या भट्टीत जळाली. सात टन म्हणजे पन्नास किलोची १४० पोती. ती सगळीच पोत्यात आली असती असे नाही, काही मळीत गेली असतीच, पण बरीचशी आली असती. आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जो रास्त व किफायतशीर दर ठरवला तो १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये, आणि त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जास्त असा आहे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाला उताऱ्यातला तो एक दशांश ३,४६० रुपयांना पडतो. भुस्सा तपासणारा कोण? तोच बाटल्या धुणारा पोरगा.

इथे एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. रात्रपाळीत झोप आवरत नाही, बाहेर थंडी असते, मिलपर्यंत जायचा जिना निसरडा असतो, आणि पत्रकातला रकाना रिकामा असतो. मागच्या तासाचा आकडा १६.२ आहे, मग या तासाला १६.१ लिहून टाकला तर कोणाला कळणार? याला आमच्याकडे 'टेबलावर आकडे पाडणे' म्हणतात. अशी टेबलावरची नोकरी मात्र कोणालाही लगेच मिळते! त्या तासाला काही विशेष घडले नसेल तर कोणालाही कळत नाही. घडले असेल तर तो तोटा चौथ्या वाटेवर, म्हणजे अज्ञात तोट्यात जाऊन बसतो, आणि महिनाभराने मोठे साहेब डोके धरून बसतात की साखर गेली कुठे. गळती शोधतात, वजनकाटा तपासतात, टाक्या मोजतात. आणि गेलेली असते रकान्यात. ज्या मुलाला ही सवय पहिल्या हंगामात लागली त्याची ती पुढे सुटलेली आम्ही फारशी पाहिली नाही. ज्याने नमुना आणला नाही तिथे आडवी रेघ मारून "नमुना घेतला नाही" असे लिहिले, त्याला त्या दिवशी बोलणी बसतात, पण त्याच्या बाकीच्या आकड्यांवर खाते विश्वास ठेवते. पाळीप्रमुखांनीही अशा रेघेवर फार आरडाओरडा करू नये, असे आमचे मत आहे. रेघेवर ओरडले की दुसऱ्या दिवसापासून रेघा बंद होतात आणि आकडे सुरू होतात.

ही नोकरी पायरी म्हणून धरावी असे आम्ही म्हणतो तेव्हा काही पालक हसतात. "पायरी कसली, आमच्या गावचा अमका पंधरा वर्षं त्याच पायरीवर बसलाय." खरे आहे. असे लोक आहेत आणि त्यांच्यात हुशार माणसेही आहेत. काम तेच, रस तोच, आकडे तेच, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात हात आपोआप चालू लागतात आणि डोके थांबते. हंगाम संपला की घरी शेती बघायची, हंगाम आला की पाळी धरायची, आणि मधल्या काळात कायम झालेल्यांना त्रिपक्षीय कराराप्रमाणे मिळणारा रिटेन्शन भत्ता घ्यायचा. यात वाईट काही नाही. घरची बागायत चांगली असेल तर हा सुखाचा संसार आहे. मात्र ज्याला पुढे जायचे आहे त्याने पहिल्या हंगामातच काही गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत.

त्याने स्वतःची वही ठेवावी. कारखान्याचे पत्रक कारखान्याचे, वही आपली. त्यात आकडे उतरवून घ्यायचे नाहीत. आकडे संस्थेचे असतात, ते बाहेर नेणे बरोबरही नाही. वहीत लिहायचे ते कारण. "आज पाक पातळ का आला? दुसऱ्या बॉडीची पोकळी पडली होती. का पडली? पाण्याचा पंप बंद पडला." एवढे दोन ओळींत. हंगामाअखेर अशा शंभर नोंदी झाल्या तर मुलाखतीत तो कुठेही अडत नाही. मुलाखत घेणाऱ्याला पोलची व्याख्या ऐकायची नसते. ती सगळ्यांनाच पाठ असते. त्याला विचारायचे असते की शुद्धता घसरली तेव्हा तू काय केलेस.

दुसरे, आपल्या खात्याबाहेर जावे. पाळी संपल्यावर अर्धा तास थांबून पॅनमनजवळ उभे राहावे. पॅनमन काचेच्या पट्टीवर मॅसेक्विटचा ठिपका घेऊन दिव्यासमोर धरतो आणि दाण्याकडे बघून पाणी द्यायचे की पाक द्यायचा ते ठरवतो. आता पॅनवर यंत्रे आली, पडद्यावर आलेख दिसतो, पण चांगला पॅनमन अजून पट्टी सोडत नाही. त्याला चहा पाजून विचारले तर तो सांगतो. पाळी चालू असताना विचारले तर हाकलून देतो, आणि योग्यच करतो. तसेच आसवनीत, वीजनिर्मितीत, सांडपाण्याच्या प्रकल्पात ओळख करून घ्यावी. आज साखर कारखाना हा नुसता साखरेचा राहिलेला नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळीपासून व उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याची वाट मोकळी झाली, तेव्हापासून आसवनीत रसायनशास्त्राच्या मुलांना पूर्वीपेक्षा अधिक वाव आहे.

तिसरे म्हणजे गळीत बंद झाल्यावरचे महिने. सगळ्यांना वाटते की हंगाम संपला, सुटलो. खरे शिक्षण तेव्हाच असते. एरवी वाफेने भरलेली बंद भांडी तेव्हा उघडी असतात. बाष्पीभवनाच्या नळ्यांत बसलेला क्षारांचा थर हाताने खरवडून बघता येतो, मिलचे रोलर काढून ठेवलेले दिसतात, ज्युस हीटरच्या आतला रस्ता कळतो. पाच महिने ज्याचे आकडे लिहिले ते यंत्र आतून कसे आहे हे बघायला ऑफ सीझनमध्ये चार दिवस स्वतःहून या, असे आम्ही दरवर्षी सांगतो. येणारे थोडेच असतात. त्यांना पुढच्या हंगामात शिफ्ट केमिस्टचा मदतनीस म्हणून उभे करायला अवघड जात नाही.

पुढच्या पायऱ्या अशा : लॅब केमिस्ट, मग पाळीचे उत्पादन सांभाळणारा मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, मग डेप्युटी चीफ केमिस्ट, मग चीफ केमिस्ट. पहिलीवरून दुसरीवर जाताना नुसती बी.एस्सी. पुरत नाही, साखर तंत्रज्ञानाची पदविका लागते. तिच्यासाठी दोन जागा आपल्या लोकांना जवळच्या. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था, जी १९३६ साली सुरू झाली, आणि पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ही दुसरी संस्था १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांनी उभी केली, आणि १९८९ मध्ये वसंतदादा गेल्यानंतर तिला त्यांचे नाव देण्यात आले. म्हणजे ती एका अर्थी आपल्या पैशातूनच उभी राहिली आहे. प्रवेशाच्या अटी, विषय आणि तारखा दरवर्षी जाहिरातीत येतात, त्या मूळ जाहिरातीतच बघाव्यात. कोणी तरी सांगितले म्हणून अर्ज राहून गेला, असे होऊ देऊ नये. एक-दोन हंगाम काम करून गेलेला मुलगा तिथे वर्गात बसतो तेव्हा फळ्यावरची आकृती त्याला आधीच ओळखीची असते.

आणि सगळ्यांनीच साखरेत राहावे असेही नाही. ज्याला दोन हंगामांनंतर वाटले की ही पाळी आपल्याला मानवत नाही, त्याने दुसरीकडे जावे. नमुना शिस्तीने घेणे, मीटर तपासून वापरणे, लिहिलेल्या आकड्याखाली सही करणे, या गोष्टींना दूध संघात, खाद्यतेलात, औषधांत, पाणी शुद्धीकरणात, सगळीकडे मागणी आहे. फक्त गळीत चालू असताना मध्येच पाळी टाकून जाऊ नये. जायचे तर एप्रिलमध्ये सांगून जावे. जानेवारीत एक मुलगा न सांगता गेला की उरलेल्या तिघांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या येतात, आणि त्यांतलाही कोणी तरी सभासदाचाच मुलगा असतो.

सुरुवातीचे काम खडतर असणे ही काही आजची गोष्ट नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिले येऊन १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक इंजिनियर म्हणून लागले, तेव्हा त्यांनाही सचिवालयात टेबल मिळाले नव्हते. नाशिक, खानदेशात आडगावी त्यांना कामे मिळाली. धुळ्याजवळ नदीच्या पात्रातून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांतलेच. खडकवासल्याच्या धरणावर त्यांची ती प्रसिद्ध स्वयंचलित दारे बसली १९०३ मध्ये, म्हणजे नोकरीला एकोणीस वर्षे झाल्यावर. आणि नीरा कालव्यावर पाण्याच्या वाटपासाठी त्यांनी आणलेली ब्लॉक पद्धत तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या उसाशीच जोडलेली आहे. अर्थात प्रत्येक लॅब केमिस्टचा विश्वेश्वरय्या होत नाही, हे आम्हालाही माहीत आहे.

एवढे मुलाच्या बाजूने झाले. कारखान्याच्या बाजूनेही काही देणे लागते आणि ते न लिहिणे अन्यायाचे होईल. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात नुसता झाडू आणि बाटल्या देऊन सोडणे बरे नाही. बाटल्या त्याने धुवाव्यात, कारण न धुतलेल्या बाटलीने आकडा खोटा येतो, पण हे कारण त्याला सांगितले पाहिजे. गंधकाम्ल हाताळताना चष्मा व हातमोजे मागितल्यावर नव्हे, आधी मिळाले पाहिजेत. रात्रपाळी सुटल्यावर दूरच्या वाडीवरच्या मुलाने पहाटे चारला मोटारसायकलवर धुक्यातून जायचे, उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमधून, हे आम्हाला पटत नाही. उजाडेपर्यंत पाठ टेकायला एक खोली आणि दोन बाकडी एवढी सोय करणे कारखान्याला जड नाही. मुली प्रयोगशाळेत येत आहेत आणि नीटनेटकेपणात त्या मुलांच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृह प्रयोगशाळेजवळच हवे, कॉलनीच्या टोकाला नव्हे. आणि हंगामाअखेर प्रत्येकाला अनुभवाचा दाखला मिळावा, ज्यात "काम केले" एवढेच नव्हे तर कोणकोणत्या चाचण्या त्याला स्वतंत्रपणे करता येतात हे लिहिलेले असावे. बाहेरच्या नोकरीत उपयोगी पडतो तो असा दाखला. प्रशिक्षणार्थी म्हणून १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलेल्या मुलांचे विद्यावेतन वेळेवर निघाले पाहिजे, हे वेगळे सांगायला नकोच.

ज्यांना यंदा अर्ज द्यायचा आहे त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात लिहावा. सोबत गुणपत्रिकेची झेरॉक्स प्रत जोडावी व मूळ गुणपत्रिका दाखवायला आणावी. तोंडी परीक्षेत ब्रिक्सचा हायड्रोमीटर हातात दिला जातो आणि वाचायला सांगितले जाते, त्याची तयारी ठेवावी. पहिल्या दिवशी सुती कपडे आणि बंद बूट घालून यावे. चप्पल चालणार नाही, मिल हाऊसमध्ये रस सांडलेला असतो. वडिलांनी सोबत येऊन प्रयोगशाळा बघायला काही हरकत नाही, चहाही मिळेल. संचालकांची चिठ्ठी मात्र आणू नये. तिच्यावर ब्रिक्स किती ते लिहिलेले नसते.